गोष्टीतली चेटकीण आणि आळीतली आजी

(आमच्या सामुदायिक रेडिओवर दुपारच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

जेवणं झाली असतील, भांडी घासून पालथी घातली असतील. कुणी शेंगा फोडत ऐकत असेल, कुणी गोधडीला टाके घालत. हात चालू द्या, कान इकडे असू द्या. आज मी तुमच्याशी लहान मुलांच्या गोष्टींबद्दल बोलणार आहे. पण राजा-राणी सुखानं नांदू लागले, अशा गोडगोड गोष्टींबद्दल नाही. ज्या ऐकताना पोटात गोळा येतो, त्या भीतीच्या गोष्टींबद्दल.

हा विषय मला सुचला तो एका फुटलेल्या माठामुळे. आमच्या आळीत एक आजी एकट्या राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. लेक सासरी, मुलगा शहरात. पाठीत वाकल्यात, एका डोळ्यात फूल पडलंय. संध्याकाळी ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोराच्या हातावर दाणे-गूळ ठेवतात. हे आम्ही कितीतरी वर्षं बघत आलोय. गेल्या उन्हाळ्यात मात्र पोरं त्यांच्या ओट्यावरून पळत जायला लागली. दाणे घेईनात. मग एका संध्याकाळी कुणीतरी दगड मारला, आजींच्या दारातला माठ फुटला. मी पोरांना जवळ घेऊन विचारलं, तर दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "ती चेटकीण आहे. गोड देते आणि मग खाते."

हे कुठून आलं? शोध घेतला तर मोबाईलमधून. घराघरात मुलं एक व्हिडिओ बघत होती. जंगलातलं मिठाईचं घर, त्यात वाकलेली म्हातारी, ती पोरांना गोड खाऊ घालते आणि पिंजऱ्यात कोंडते. चित्रं अंगावर येतील अशी, आवाज त्याहून भयानक. बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला. एक वहिनी म्हणाल्या, "असल्या गोष्टी बंदच करा." दुसऱ्या म्हणाल्या, "आपण काय हडळीच्या, मुंज्याच्या गोष्टी ऐकल्या नाहीत? मेलो का?" मला दोघींचंही पटलं, आणि दोघींचंही पुरतं पटलं नाही. म्हणून जरा वाचलं, विचारलं, शोधलं. ते आज तुम्हाला सांगते.

ही गोष्ट आली कुठून

मिठाईच्या घराची ती गोष्ट जर्मनीतली. हॅन्सेल हा भाऊ आणि ग्रेटेल ही बहीण. ती लिहून काढली जेकब आणि विल्हेल्म ग्रिम या दोन भावांनी. त्यांच्या गोष्टींचा पहिला भाग १८१२ साली छापला गेला, दुसरा १८१५ साली. सिंड्रेला, हिमगौरी, लाल टोपीवाली मुलगी, या सगळ्या त्या संग्रहात आहेत.

आता या भावांना गोष्टी सांगितल्या कुणी? बऱ्याचशा बायकांनी. शेजारपाजारच्या शिकलेल्या मुलींनी सांगितल्या, तशाच डोरोथिया फीमान नावाच्या एका बाईंनीही सांगितल्या. ही बाई शिंप्याची बायको. आपल्या मळ्यातली भाजी विकायला कासल शहरात यायची. बाप खाणावळवाला होता, त्यामुळे लहानपणी वाटसरूंच्या तोंडून तिनं पुष्कळ गोष्टी ऐकल्या होत्या. ग्रिम भावांना तिनं चाळीसच्या आसपास गोष्टी दिल्या. पुढच्या आवृत्तीत त्यांनी तिचं चित्रही छापलं. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजाराला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, जगभर गाजलेल्या त्या पुस्तकाच्या मागे तुमच्यासारखीच एक बाई उभी आहे, हे लक्षात ठेवा.

पहिल्या आवृत्तीतल्या गोष्टी फार कडक होत्या. एका गोष्टीत तर मुलं खाटीक-खाटीक खेळतात आणि खेळता खेळता एक मूल खरंच मारलं जातं. लोकांनी नावं ठेवली. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गोष्ट काढून टाकली. १८५७ पर्यंत संग्रहाच्या सात आवृत्त्या निघाल्या आणि विल्हेल्म प्रत्येक वेळी गोष्टी घासूनपुसून नीट करत राहिला. पण त्यानं काय काढलं आणि काय ठेवलं, ते बघण्यासारखं आहे. रापुन्झेल नावाच्या मुलीची गोष्ट आहे, उंच मनोऱ्यात कोंडलेली. पहिल्या आवृत्तीत ती भाबडेपणानं म्हणते की माझे कपडे मला घट्ट का होतात? म्हणजे तिला दिवस गेलेत. हे वाक्य काढलं. पण सिंड्रेलाच्या गोष्टीत सावत्र बहिणी बुटात पाय बसावा म्हणून अंगठा आणि टाच कापतात, ते ठेवलं. उलट शेवटी पाखरं त्यांचे डोळे फोडतात, हे नंतर घातलं. बाईच्या पोटातलं बाळ लपवायचं, पण बाईचे फोडलेले डोळे दाखवायचे, असा तो हिशेब.

आईची सावत्र आई झाली

याहून मोठा बदल पुढे आहे. हिमगौरीला मारायला निघालेली राणी पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून द्या असं नवऱ्याला सांगणारी बाईही आधी त्यांची सख्खी आईच होती. १८४० च्या आवृत्तीत तिची सावत्र आई केली. सख्खी आई असं करू शकते, हे छापायला लेखकाला धजलं नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की दुसरेपणाची बाई म्हणजे दुष्टच, हे जगभरच्या पोरांच्या मनात बसलं. आपल्याही गावात दुसरेपणावर दिलेल्या लेकी आहेत. सवतीची मुलं पोटच्यासारखी वाढवणाऱ्या आहेत. त्यांना हा डाग कसा टोचतो, ते त्यांना विचारा.

आणि त्या आईनं मुलांना जंगलात का सोडलं? घरात भाकरीचा तुकडा नव्हता म्हणून. बाप लाकूडतोड्या, खाणारी तोंडं चार. ही गोष्ट मुळात भुकेची आहे. म्हणूनच जंगलातलं घर सोन्याचं नाही, भाकरीचं आहे, वर गोड पोळीचं छप्पर आणि साखरेच्या खिडक्या. उपाशी पोराला स्वप्नात दुसरं काय दिसणार? आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना बहात्तरचा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडायला गेलेल्या आया, सुकडीची रांग, मिलोच्या लाल भाकरी. त्या वेळी माझी आई रात्री आम्हाला पोटाशी धरून गोष्ट सांगायची. गोष्टीत नेहमी कुणीतरी पोटभर जेवायचं. आता कळतं, ती गोष्ट आमच्यासाठी होती तशीच तिच्यासाठीही होती.

म्हणजे भीतीची गोष्ट उगाच भीतीची नसते. तिच्या बुडाशी खरी भीती असते. भूक, आईपासून ताटातूट, वाट चुकणं, अनोळखी माणूस. मुलांना या भीती आपण शिकवत नाही, त्या त्यांच्या मनात आधीच असतात. आई बाजारातून यायला उशीर झाला की दारात उभं राहून रडणाऱ्या पोराला विचारा. गोष्ट त्या भीतीला नाव देते, रूप देते, आणि शेवटी वाट दाखवते. ग्रेटेल काय करते? भाऊ कोंडलेला आहे, म्हातारी भट्टीत डोकावायला सांगते. ग्रेटेल म्हणते, कसं ते मला कळत नाही, तुम्हीच दाखवा. आणि म्हातारीलाच आत ढकलते. ज्या लहान मुलीला जंगलात रडू येत होतं, तिनंच दोघांची सुटका केली. ऐकणारी मुलगी हे मनात जपून ठेवते.

वाट कुणी काढली, हे बघा

लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट या बाबतीत फार शिकवण्यासारखी आहे. फ्रान्समधल्या शार्ल पेरो नावाच्या लेखकानं ती १६९७ मध्ये छापली. त्यात लांडगा आजीला खातो, मुलीला खातो, आणि गोष्ट संपते. खाली तात्पर्य, की मुलींनी परक्याचं ऐकू नये. पुढे ग्रिम भावांच्या पुस्तकात शिकारी येतो, लांडग्याचं पोट फाडतो आणि दोघींना बाहेर काढतो. पण फ्रान्सच्या खेड्यात लोक तोंडी सांगायचे ती गोष्ट वेगळीच. तीत मुलीला लांडग्याचा डाव कळतो. ती म्हणते, मला बाहेर जाऊन यायचंय. लांडगा तिच्या पायाला दोरा बांधतो आणि सोडतो. ती बाहेर येऊन दोरा झाडाला बांधते आणि पळत घर गाठते. शिकारी नाही, राजपुत्र नाही. तिची अक्कल आणि तिचे पाय.

आता आपली म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट आठवा. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, कोल्हा भेटतो, प्रत्येकजण तिला खायला टपलेला. ती सांगते, आता माझ्या अंगात काय आहे, लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा. आणि परत येते ती भोपळ्यात बसून. विचार केला तर केवढी भीतीची गोष्ट! एकटी बाई, रान, आणि दबा धरून बसलेली जनावरं. पण आपण ती ऐकताना हसत होतो, कारण म्हातारी हुशार होती. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतही, कितीतरी घरांत, शेवटी कावळ्याला तापलेल्या तव्याचा चटका बसतो. भीती आपल्या गोष्टींत होतीच. मराठी बालनाट्यातही होती. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण बघून पोरं घाबरायचीही आणि पोट धरून हसायचीही. घाबरणं आणि हसणं एकाच बाकावर बसलं की मुलाचा धीर वाढतो.

हल्लीच्या काळ्या गोष्टी

हल्ली जगभर जुन्या परीकथा पुन्हा नव्यानं सांगायची लाट आहे. त्यात जादूही असते आणि अंगावर काटाही येतो. त्यांचे साधारण तीन प्रकार सांगते, म्हणजे मुलांच्या हातात काय आहे ते तुम्हाला ओळखता येईल.

पहिला प्रकार, गोष्टीतला मूळ कडकपणा परत आणायचा. अमेरिकेत ॲडम गिडविट्झ नावाचे एक लेखक आहेत, ते तेव्हा शिक्षक होते. त्यांनी वर्गात लहान मुलांना ग्रिमची एक कडक गोष्ट वाचून दाखवली, मुलं गुंग झाली. त्यातून त्यांनी २०१० मध्ये हॅन्सेल-ग्रेटेलवर नवं पुस्तक लिहिलं. त्यात सांगणारा मधेमधे थांबतो आणि म्हणतो, आता भयंकर येणार आहे, खोलीत लहान मुलं असतील तर त्यांना बाहेर पाठवा. आपली आजीही हेच करत नव्हती का? "घाबरलास का रे? सांगू की नको पुढे?" असं विचारून ती पोराच्या पाठीवर हात ठेवायची.

दुसरा प्रकार, ओळखीचं तेच परकं करायचं. नील गेमन यांच्या २००२ च्या पुस्तकावरून २००९ मध्ये ‘कोरलाइन’ नावाचा बाहुल्यांचा चित्रपट निघाला. मुलीचे आईबाप कामात बुडालेले. तिला घरात एक लहान दार सापडतं. पलीकडे तसंच घर, तशीच आई, पण जास्त प्रेमळ, छान छान करून घालणारी. फक्त तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणं. इथे राहायचं असेल तर तुझ्याही डोळ्यांवर बटणं शिवू दे, असं ती म्हणते. मुलगी नाही म्हणते आणि मोठ्या धीरानं आपल्या खऱ्या आईबापांना सोडवते. जो माणूस फार गोड बोलतो, लगेच सगळे हट्ट पुरवतो आणि मग काहीतरी मागतो, त्याच्यापासून सावध, हे मोठ्या मुलीला सांगायचं असेल तर यापेक्षा सोपं कसं सांगणार? पण चार वर्षांच्या पोराला हे दाखवलंत तर ते बटण लावलेला सदरा घालायला नको म्हणेल.

तिसरा प्रकार, चेटकिणीच्या तोंडून गोष्ट सांगायची. २०१४ मध्ये ‘मॅलेफिसंट’ नावाचा चित्रपट आला. झोपलेल्या राजकन्येला शाप देणारी जी दुष्ट परी, तिचीच ही गोष्ट. तिच्यावर जीव असल्याचं दाखवणारा माणूस राज्याच्या लोभानं तिचे पंख कापून नेतो, त्यातून तिचा राग जन्मतो. आणि राजकन्येला शेवटी जागं करतं ते तिचंच प्रेम. अशी गोष्ट मुलांना एक नवा प्रश्न शिकवते. कुणाला वाईट म्हणण्याआधी विचारा, तिची बाजू काय?

आणखी एक सावधगिरी. परी दिसली म्हणून गोष्ट मुलांचीच असते असं नाही. ‘पॅन्स लॅबिरिंथ’ नावाचा २००६ चा चित्रपट आहे. त्यात लहान मुलगी आहे, जादूचं जग आहे, पण तो स्पेनमधल्या हुकूमशाहीच्या क्रौर्यावरचा, मोठ्यांसाठी केलेला चित्रपट आहे. नुसतं चित्र बघून मोबाईल मुलाच्या हातात देऊ नका.

ऐकणं आणि बघणं

आता तुम्ही म्हणाल, आपण एवढ्या भुतांच्या गोष्टी ऐकल्या, मग मोबाईलनंच एवढं काय होतं? फरक मोठा आहे. गोष्ट ऐकताना चेटकीण मूल स्वतः मनात उभी करतं. तिला किती दात, किती नखं, हे ते आपल्याला झेपेल तेवढंच ठरवतं. पडद्यावरची चेटकीण दुसऱ्या कुणीतरी काढलेली असते, ती मुलाला विचारून लहान-मोठी होत नाही. शिवाय गोष्ट सांगणारी आजी जवळ असते. मोबाईल पाठीवर हात ठेवत नाही, आणि एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लावतो.

वयाचाही प्रश्न आहे. शिकलेल्या लोकांनी यावर अभ्यास केलाय. अमेरिकेत जोॲन कँटर यांनी मुलांच्या भीतीवर बरीच वर्षं काम केलं. टीव्हीवर एक चांगला माणूस हिरवागार राक्षस होतो आणि लोकांना वाचवतो, असं एका मालिकेत होतं. बालवाडीच्या वयाची मुलं तो बदलताना बघून फार घाबरायची. तो चांगला आहे हे त्यांना पुरत नव्हतं. मोठ्या मुलांना ते पुरत होतं. आपल्याकडे बहुरूपी दारात आला की तान्हं पोर आईच्या पदरात तोंड लपवतं आणि मोठं पोर त्याच्या मागे धावतं. तेच हे. पाच-सहा वर्षांपर्यंत मूल दिसण्याला घाबरतं. मोठं झालं की घडण्याला घाबरतं, चोरी, आग, मरण यांना. म्हणून लहानग्याला "ते खोटं असतं रे" एवढं सांगून भागत नाही. त्याला कुशीत घ्यावं लागतं.

मग आपण काय करायचं? चित्रपट असेल तर आधी प्रमाणपत्र बघा. आता ‘यूए’च्या पुढे ७, १३, १६ असे वयाचे आकडे असतात. त्या वयाखालच्या मुलानं तो मोठ्यांच्या देखरेखीत बघायचा, असा त्याचा अर्थ. यूट्यूबवरच्या व्हिडिओंना असा शिक्का नसतो, तिथे आपले डोळे हाच शिक्का. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करता येते, ती करा. येत नसेल तर घरातल्या कॉलेजातल्या मुलीला सांगा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मूल "पुरे" म्हणालं तर तिथेच थांबा, भित्रं म्हणून हसू नका. गोष्ट अर्धी सोडून झोपवू नका. लांडगा पोटात घेऊन झोपलेलं मूल रात्री दचकतं. शेवट सांगा, सुटका सांगा. आणि विचारा, तू तिथे असतीस तर काय केलं असतंस? भीती तिथेच निम्मी होते.

आणि एक गोष्ट आपण सगळ्या करतो, मीही केलीय. "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल." "झोप, नाहीतर म्हातारी नेईल." ही गोष्ट नव्हे, ही धमकी. गोष्टीत भीतीतून बाहेर पडायची वाट असते, धमकीत ती नसते. वर मूल हेही शिकतं की माझी आईच त्या बागुलबुवाच्या बाजूची आहे.

एखादं मूल कितीतरी दिवस झोपेत ओरडत असेल, अंथरूण ओलं करत असेल, एकटं राहायला तयार नसेल, तर आशाताईंना सांगा, दवाखान्यात न्या. बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेऊ नका. मुलाला आधाराची गरज असते, अंगाऱ्या-धुपाऱ्याची नाही.

चेटकीण ओट्यावर येते तेव्हा

आता पुन्हा माझ्या आळीत येते. त्या माठाचं मला एवढं का लागलं, ते सांगते.

युरोपात एके काळी बायकांना खरोखर चेटकीण ठरवून मारलं जायचं. तीनेकशे वर्षांच्या काळात चाळीस-पन्नास हजार माणसं अशी मारली गेली, त्यांत बहुतेक बायका, आणि सर्वांत जास्त जर्मन मुलुखात. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस गावी ॲना गोल्डी नावाची बाई एका घरी कामाला होती. मालकाच्या मुलीच्या दुधात सुया निघाल्या, त्या हिनंच जादूनं घातल्या असा आरोप आला. १७८२ मध्ये तिचं डोकं उडवलं. हे जेकब ग्रिमच्या जन्माच्या अवघी तीन वर्षं आधी. तिथल्या विधिमंडळानं ती निर्दोष होती हे मान्य केलं २००८ मध्ये, सव्वादोनशे वर्षांनी. म्हणजे हॅन्सेल-ग्रेटेलची गोष्ट छापली गेली तेव्हा चेटकीण ही नुसती गोष्टीतली नव्हती. भट्टीत ढकललेली म्हातारी ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांनी खऱ्या म्हाताऱ्या जळताना बघितलेल्यांची आठवण ऐकलेली होती.

आणि हे तिकडचंच आहे असं समजू नका. आपल्याकडेही डाकीण म्हणून बाईला मारल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडल्यात. ती बहुतेक वेळा एकटी असते, विधवा असते, म्हातारी असते, नाहीतर तिच्या नावावर एखादा जमिनीचा तुकडा असतो. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमकी करणी करते, तमकीनं मंत्रानं जनावराचं दूध आटवलं, असा बोभाटा करून कुणाला त्रास देणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. आमच्या आळीतल्या पोरांनी काही गुन्हा केला असं मी म्हणत नाही. पोरं ती. पण मोठ्यांच्या तोंडी जे शब्द पुढे येतात, त्यांचं बी असंच पडतं.

म्हणून मी भीतीच्या गोष्टी बंद करा म्हणत नाही. सांगा, पण सांगताना दोन गोष्टी सांभाळा. मुलाला बाहेर पडायची वाट ठेवा. आणि गोष्टीतल्या वाईटाला आपल्या शेजारणीचा चेहरा देऊ नका. ग्रिमनं आईची सावत्र आई केली. आपणही सांगताना बदल करू शकतो. मी माझ्या नातवाला सांगताना म्हातारीच्या जागी राक्षस करते. तो गोड घरात राहतो, पण त्याला कुबड नाही, पांढरे केस नाहीत. गोष्टीतली भीती त्यानं एक तसूही कमी झाली नाही, उलट नातू म्हणाला, "अजून एकदा."

माठ फुटल्याच्या पुढच्या आठवड्यात आम्ही बचत गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून आजींना नवा माठ आणला. तो द्यायला जाताना पोरांना बरोबर नेलं. पोरं ओट्याच्या खालीच उभी राहिली. मग मी आजींना म्हटलं, "आजी, आज तुम्हीच गोष्ट सांगा." त्यांनी म्हातारी आणि भोपळा सांगितली. वाघाचा आवाज असा काढला की दोन पोरं मागे सरकली. मग भोपळा गडगडायला लागला आणि तीच दोन पोरं पायरी चढून वर आली. गोष्ट संपेपर्यंत बहुतेक सगळी ओट्यावर होती. दुसरीतला तो मुलगा मात्र खालीच राहिला. दाणेही घेतले नाहीत त्यानं. जाताना वळून विचारलं तेवढं, "आजी, ती भोपळ्यातली म्हातारी तुम्हीच का?"

आजी म्हणाल्या, "उद्या ये, सांगते."

तो दुसऱ्या दिवशी गेला की नाही, मला माहीत नाही. पण माठ शाबूत आहे.

मैत्रिणींनो, आज रात्री घरातल्या मुलांना विचारा, कोणती गोष्ट बघितलीस? कशाची भीती वाटली? आणि आळीत एकट्या राहणाऱ्या एखाद्या आजीकडे जाऊन विचारा, तुम्हाला कोणती गोष्ट येते? येताना पोरांना बरोबर न्या. येते मी. नमस्कार.